माउथ ऑर्गनचा गळ्यातला होल्डर: घेण्याआधी अंगठ्याने ढकलून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दोन वर्षांपासून गिटार वाजवतो आणि गातो. घरात आजोबांचा २४ भोकांचा माउथ ऑर्गन आहे, शिवाय मी १० भोकांचा एक सी मेजरचा घेतला. गिटारबरोबर वाजवता यावेत म्हणून ऑनलाइन स्वस्तातला गळ्यातला होल्डर मागवला. तोंड लावलं की तो पुढे सरकतो. गाणं संपेपर्यंत माउथ ऑर्गन छातीवर आलेला असतो. आता लवचिक दांड्याचा घेऊ की चुंबकाचा? आणि पुढे क्रोमॅटिक, म्हणजे बटणाने कोमल-तीव्र स्वरही देणारा माउथ ऑर्गन, घेतला तर तोही त्यात बसेल का?"

लवचिक की चुंबकाचा, ते नंतर बघू. "गाणं संपेपर्यंत छातीवर" हे वाचून मला माझा पहिला होल्डर आठवला. तो मी कपड्यांच्या तारेच्या हँगरचा केला होता. दोन हँगर उलगडले, पक्कडीने वाकवले आणि माउथ ऑर्गन धरायला सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन कडी कापून लावली. दिसायला झकास. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीला माउथ ऑर्गन हनुवटीखाली आणि मी त्याच्यामागे मान लांब करून, कुंपणापलीकडचा पाला ओरबाडणाऱ्या शेळीसारखा. घरच्यांना गाण्यापेक्षा तेच जास्त आवडलं.

तारा वाकवणारा मी काही पहिला नव्हे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये १९१५ साली जन्मलेले लेस पॉल, ज्यांचं नाव पुढे इलेक्ट्रिक गिटारमुळे जगभर झालं, त्यांनी पोरवयात असाच गळ्यातला होल्डर बनवला होता. हात न लावता माउथ ऑर्गन उलटवून दुसरी बाजू वाजवायची सोयही त्यात होती. त्या धर्तीचे होल्डर अजून बनतात. म्हणजे कल्पनेत खोट नाही. खोट असते ती सांध्यात.

माउथ ऑर्गन हातात असतो तेव्हा आपण तो सतत ओठांकडे ओढून धरलेला असतो, हे लक्षातही येत नाही. होल्डरमध्ये ती ओढ नाहीशी होते. मग वारा निसटतोय असं वाटून आपण ओठ पुढे रेटतो. आता नेहमीच्या होल्डरची रचना डोळ्यांसमोर आणा. मानेमागून एक सळई येते, दोन्ही खांद्यांवरून छातीवर उतरते. तिथे दोन्ही बाजूंना एकेक विंग नट, बोटांनी पिळायचा पंखांचा. त्या नटांवर वरची चौकट फिरते आणि चौकटीच्या टोकाला माउथ ऑर्गन. नटापासून माउथ ऑर्गनपर्यंत साधारण वीतभर अंतर पडतं. जड दार बिजागरीपाशी ढकललं तर हलत नाही, कडीपाशी ढकललं तर एका बोटाने फिरतं, इथेही तेच. तुमचे ओठ कडीपाशी आहेत आणि सगळा भार त्या दोन नटांवर येतो.

म्हणून दुकानात होल्डर गळ्यात घालून आरशात बघण्याआधी एक करा. माउथ ऑर्गन त्यात बसवा, नट बोटांनी जमतील तेवढे पिळा, होल्डर गळ्यात घाला आणि अंगठ्याने माउथ ऑर्गनच्या मधोमध पुढे ढकला. जोर साधारण दाराची बेल दाबताना लावतो तितकाच. काय हलतं ते बघा. चौकट नटापाशी फिरली तर सांधा कमजोर. नट जागेवर आहे पण सळईच वाकून परत येते, तर धातू मऊ किंवा बारीक. चौकट आणि सळई दोन्ही ठाम आहेत पण माउथ ऑर्गनच त्याला धरणाऱ्या पट्ट्यांमध्ये पुढे सरकतो, तर पकड खराब. या तीन रोगांवर तीन वेगळे इलाज आहेत, आणि त्यातल्या पहिल्याला नवा होल्डर लागतच नाही.

तुमच्या वर्णनावरून मला हा पहिलाच वाटतो. हळूहळू, गाणंभर खाली येणं ही नटाचीच खूण. नट खोला आणि दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसतात ती जागा बघा. चांगल्या होल्डरमध्ये तिथे बारीक दाते कोरलेले असतात, एकाचे दाते दुसऱ्यात अडकतात. स्वस्तातल्यात दोन्ही पत्रे गुळगुळीत, वर चकचकीत निकेलचा मुलामा. काचेवर काच ठेवून कितीही दाबली तरी ती सरकणारच. हार्डवेअरच्या दुकानातून बोल्टच्या मापाचे दोन दातेरी वॉशर आणा आणि त्या दोन पत्र्यांच्या मध्ये घाला; बाहेर नटाखाली नव्हे, मध्ये. दातेरी मिळाले नाहीत तर जाडसर पॉलिश पेपरची गोल चकती कापा, मध्ये भोक पाडा, दोन तुकडे पाठीला पाठ चिकटवा म्हणजे खरखरीत बाजू दोन्हीकडे येईल. हा पाच मिनिटांचा उद्योग आहे. माझ्याकडचा एक होल्डर या पॉलिश पेपरवर सहा वर्षं चालला.

एकदा कोन मनासारखा जमला, रोज बदलायचा नाही असं ठरलं, की विंग नट काढून तिथे नायलॉक नट लावणारेही आहेत. आत नायलॉनचं कडं असलेला तो नट कंपनाने सैल होत नाही. मी मात्र लावत नाही. थंडीत जाड कॉलर असते, उन्हाळ्यात टीशर्ट, तेवढ्यानेही उंची अर्धा-पाऊण इंच बदलते, आणि कार्यक्रमाला जाताना पाना घेऊन कोण फिरणार!

सांध्याइतकंच महत्त्वाचं, आणि जाहिरातीतल्या फोटोत कधीच न दिसणारं, म्हणजे होल्डर छातीला टेकतो की नाही. ओठांनी वरचं टोक पुढे ढकललं की सगळा होल्डर खांद्यांभोवती फिरू बघतो: वरचा भाग पुढे, खालचा भाग मागे, छातीकडे. खालचा भाग छातीला नीट टेकलेला असेल तर तो तिथेच अडतो आणि फिरणं थांबतं. हवेत लोंबत असेल तर टेकेपर्यंत फिरतो. सडपातळ माणसांची तक्रार बहुतेक हीच असते. सळई हाताने आत वाकवा. चांगली सळई वाकते आणि वाकवलेली तशीच राहते. मानेमागचा बाकही बघा. सळई मणक्याच्या हाडावर टेकली तर वीस मिनिटांत वैताग येतो. ती थोडी खाली, मान आणि खांद्याच्या मधल्या मांसल भागावर बसली पाहिजे. त्यावर एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी चढवा. एसी दुरुस्त करणाऱ्याकडे वीतभर तुकडा सहज मिळतो. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमटपणात घामाने मुलामा उडतो आणि मानेवर हिरवट-काळा डाग पडतो, तोही या नळीने वाचतो.

आता पकड. बहुतेक होल्डरमध्ये खाली एक पट्टी, वर स्प्रिंगवरची दुसरी, आणि मध्ये माउथ ऑर्गन दाबून धरलेला. स्प्रिंग जितकी कडक तितकी चांगली, असा समज आहे. तो कसा महागात पडतो ते सांगतो.

ठाण्यातल्या एका सोसायटीच्या गणपतीत मी नवा कोरा होल्डर घालून बसलो होतो. स्प्रिंग इतकी कडक, की माउथ ऑर्गन आत घालायला दोन्ही अंगठे लागले. म्हटलं, आता हलत नाही बेटा! तिसऱ्या गाण्यात, तिसऱ्या भोकात श्वास ओढला की भुंगा. फुंकलं की साफ, ओढलं की भ्रर्रर्र. वाटलं थुंकी अडकली, आपटून पाहिलं, तेच. होल्डरमधून काढून हातात धरून वाजवला तर सूर स्वच्छ! होल्डरमध्ये घातला की परत भुंगा. घरी येऊन स्क्रू काढले तेव्हा कळलं. १० भोकांच्या माउथ ऑर्गनमध्ये ओढीच्या रीड, म्हणजे थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पातळ जिभा, खालच्या प्लेटवर बाहेरच्या अंगाला, म्हणजे थेट खालच्या कव्हरच्या आत असतात. होल्डरची खालची पट्टी त्या पातळ पत्र्याच्या बरोबर पोटावर दाबत होती. पत्रा केसभर आत गेला होता आणि हलणाऱ्या रीडचं टोक त्याला घासत होतं. पेन्सिलच्या मागच्या टोकाने आतून हळूच दाबून पत्रा सरळ केला.

तेव्हापासून मी पट्टी कुठे दाबते ते आधी बघतो. ती कव्हरच्या मागच्या कडेला धरायला हवी, जिथे पत्रा दुमडलेला असल्याने ताकद असते, किंवा दोन्ही टोकांना. मधल्या फुगीर भागावर नको. आणि पट्टी रुंद असून माउथ ऑर्गनची मागची उघडी बाजू झाकत असेल तर आवाज डब्यात बसल्यासारखा येतो. सूर मागूनच बाहेर पडतो ना. कडक स्प्रिंगपेक्षा पट्टीला आतून चिकटवलेली सायकल ट्यूबची पातळ फीत जास्त काम करते: घसरत नाही, ओरखडे पडत नाहीत आणि जोर कमी लागतो.

आजोबांच्या माउथ ऑर्गनकडे वळू. आपल्याकडे माउथ ऑर्गन म्हटला की बहुतेकांच्या घरात हाच, २४ भोकांचा ट्रेमोलो. प्रत्येक सुराला दोन रीड, एकमेकींपासून किंचित हटवून लावलेल्या, म्हणून तो थरथरता गोडवा येतो. जुन्या हिंदी गाण्यांतून तो आवाज आपल्या कानात बसला आहे. राहुलदेव बर्मन स्वतः माउथ ऑर्गन वाजवायचे, आणि त्यांच्याकडे भानु गुप्ता गिटार आणि माउथ ऑर्गन दोन्हींत पारंगत होते. पण होल्डरसाठी हा प्रकार अडचणीचा. लांबी साधारण १७-१८ सेंटीमीटर, तर १० भोकांच्याची १० च्या आसपास. पुष्कळशा होल्डरची चौकट या १० ला धरूनच बनवलेली असते. त्यात २४ भोकांचा बसवला तर टोकं बाजूच्या दांड्यांना अडतात, किंवा बसतो पण वाजवताना गाल नटावर घासतो. शिवाय ट्रेमोलोत फुंकीचं भोक वेगळं आणि ओढीचं वेगळं, शेजारी शेजारी. म्हणजे तेवढ्याच सुरांसाठी तोंडाला जास्त सरकावं लागतं. हातात असताना आपण माउथ ऑर्गन सरकवतो, होल्डरमध्ये मान सरकते. अर्ध्या तासात मानेची डावी-उजवी शीर बोलायला लागते.

माझं मत विचाराल तर आजोबांचा माउथ ऑर्गन हातातच राहू द्या. होल्डरमध्ये १० भोकांचाच. तरीही त्यावरच एखादं गाणं वाजवायचं मनात असेल, तर पट्टी घेऊन त्याची लांबी, उंची आणि मागची खोली मोजा आणि होल्डरच्या दोन दांड्यांमधलं आतलं अंतर लांबीपेक्षा दोन्हीकडे निदान बोटभर जास्त आहे का ते बघा. "सगळ्या हार्मोनिकांना चालतो" असं खोक्यावर लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका.

मान वाचवायची एक युक्ती मात्र दोन्ही प्रकारांना लागू आहे, आणि फारसं कुणी सांगत नाही. माउथ ऑर्गन होल्डरच्या बरोबर मध्यावर बसवायचा असा काही नियम नाही. गाण्यात जी भोकं जास्त लागतात ती तोंडासमोर आली पाहिजेत. १० भोकांच्यावर सरळ चाल वाजवायची तर पूर्ण सप्तक चौथ्या ते सातव्या भोकात मिळतं; तेव्हा मध्यावर ठीक. पण गिटार जी मध्ये आणि माउथ ऑर्गन सी चा, अमेरिकेतलं ब्लूज संगीत वाजवणारे वाजवतात तसं, तर सगळा खेळ पहिल्या सहा भोकांत, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्याच्या ओढीवर. अशा वेळी माउथ ऑर्गन पट्ट्यांमध्ये आपल्या उजवीकडे दीड-दोन सेंटीमीटर सरकवून बसवा. मान सरळ राहते.

त्या डावीकडच्या भोकांबद्दल एक इशारा. सी च्या १० भोकांच्यावर खालच्या सप्तकात मध्यम आणि धैवत तसे नसतातच. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकातल्या ओढीचा सूर खाली वाकवून, म्हणजे उतरवून, ते काढावे लागतात, आणि नवशिका वाकवायला गेला की हटकून ओठ रेटतो. होल्डर आधी ठाम करा, मग हा नाद. उलट क्रमाने गेलात तर सूर येत नाही म्हणून स्वतःला दोष देत बसाल आणि चोर असेल तो नट.

आता तुमचे दोन प्रकार. लवचिक दांड्याचा म्हणजे टेबललॅम्पच्या मानेसारखा, हवा तसा वळवायचा. जर्मनीच्या होनर कंपनीचा फ्लेक्सरॅक त्याच पठडीतला. सोय मोठी: नट नाहीत, गाताना एका हाताने खाली ढकलला, वाजवताना वर घेतला. पण ढकलल्यावर इथे एका सांध्याऐवजी सगळा दांडाच थोडा थोडा माघार घेतो. ओठ हलके ठेवणाऱ्याला तो सुखाचा, रेटणाऱ्याला नाही. लवचिक दांडे काही वर्षांनी थकतातही. हलका १० भोकांचा असेल तर चालून जातं, वजनदार माउथ ऑर्गन असेल तर मान टाकतात.

चुंबकाचा, उदाहरणार्थ जर्मनीच्या सायडेलचा गेको. माउथ ऑर्गन त्यावर नुसता टेकवला की चिकटतो. एका गाण्याला सी, पुढच्याला जी असं करणाऱ्यांना हे वरदान. दोन कडव्यांच्या मधल्या चार मात्रांत बदलता येतो. पण आधी तुमच्याकडचा माउथ ऑर्गन चुंबकाला चिकटतो का? फ्रिजवरचं चुंबक काढा आणि कव्हरला लावून बघा. पितळी आणि प्लास्टिकच्या कव्हरला चिकटणारच नाही, आणि स्टेनलेस स्टीलच्याही काही जातींना चिकटत नाही. चिकटला तरी ओढ किती आहे ते बघा; बाजूला सरकवल्यावर सुळकन घसरत असेल तर वाजवतानाही घसरेल. आणि ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी चुंबकाचा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय छातीजवळ आणू नये.

तुमच्यापुरतं सांगायचं, तर दातेरी सांध्याचा, जाड सळईचा साधा होल्डर. दिसायला जुनाट, पण बिघडला तर कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडेही दुरुस्त होतो. एकच माउथ ऑर्गन वापरणाऱ्याला चुंबकाचे पैसे घालण्यात अर्थ नाही. आणि खरं तर त्याआधी आहे त्यालाच दातेरी वॉशर लावून पंधरा दिवस बघा.

क्रोमॅटिकचं उत्तर लहान आहे. बसायला बसेल, १२ भोकांचा साधारण १४-१५ सेंटीमीटर असतो. पण त्याच्या उजव्या टोकाचं बटण कोण दाबणार? ते दाबलं की प्रत्येक सूर अर्ध्याने चढतो, त्यासाठीच तर क्रोमॅटिक घ्यायचा. होल्डरमध्ये बटण मेलं की उरल्या पेटीच्या नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांएवढे सूर, कोमल स्वर आणि तीव्र मध्यम गेले. ओठांनी माउथपीस दाबून स्लाइड चालवायच्या खास रचना परदेशात काही हौशी कारागिरांनी केल्या आहेत, पण तुम्ही तिकडे आत्ता बघूही नका.

हात गेल्यावर आणखी काय जातं, तेही होल्डर घेण्याआधी माहीत असावं. ओंजळ उघडमीट करून काढतो तो "वा-वा" जातो. आवाज थोडा उघडा, तिखट येतो. होल्डरमध्ये वाजवणाऱ्या मोठ्या लोकांनी त्यावर आपापली वाट काढली. शिकागोच्या ब्लूजमधले जिमी रीड इलेक्ट्रिक गिटार वाजवता वाजवता गळ्यातल्या होल्डरवर वरच्या भोकांतले उंच सूर फुंकून वाकवायचे. ओंजळीची गरजच ठेवली नाही. जेसी फुलर तर एकट्याचा वाद्यवृंद: होल्डरमध्ये माउथ ऑर्गन आणि काझू (तोंडाने गुणगुणून वाजवायचं छोटं वाद्य) दोन्ही, हातात गिटार आणि पायाने वाजवायचं स्वतः बनवलेलं खर्जाचं वाद्य. अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन यांच्यामुळे होल्डर जगाला दिसला, पण त्यांच्या वादनाकडे नीट कान दिलात तर कळेल की ते होल्डरशी भांडत नाहीत. मोठे श्वास, दोन-तीन सूर एकदम, बारीक नक्षी नाही. सुरुवातीला तसंच वाजवा.

बसवायची रीत अशी. गिटार बाजूला ठेवून आरशासमोर उभे राहा, मान सरळ. होल्डर गळ्यात घाला, माउथ ऑर्गन ओठांच्या पातळीला आणा, त्याची मागची बाजू किंचित खाली झुकलेली असू द्या. आता डोळे मिटून तोंड उघडा आणि हनुवटी न उचलता पुढे व्हा. पहिल्या झटक्यात ओठ भोकांवर आले तर उंची बरोबर. नाक लागलं तर खाली घ्या, हनुवटी लागली तर वर. गाताना माउथ ऑर्गन आणि ओठ यांत दोन बोटांचं अंतर हवं, नाहीतर शब्द त्यावर आपटतात आणि मायक्रोफोनमध्ये "प" आणि "फ" फुटतात. मायक्रोफोन एकच असेल तर तो माउथ ऑर्गनच्या जरा वर आणि समोर, हनुवटीकडे रोखलेला नको. गाताना आवाज सरळ जातो, वाजवताना मान किंचित खाली केली की माउथ ऑर्गनही त्याच्या टप्प्यात येतो.

गिटारचा पट्टा आधी, होल्डर नंतर. उलट केलंत तर पट्टा होल्डरच्या दांड्यावर बसतो आणि गिटार हलली की माउथ ऑर्गन हलतो. मग पुन्हा नटाला शिव्या. गळ्यात साखळी असेल तर काढून ठेवा, स्प्रिंगमध्ये अडकते. चष्म्याची अडचण येत नाही, मिशीची मात्र येते. ज्यांची मिशी ओठावर उतरते त्यांचा एखादा केस कव्हर आणि कोंब यांच्या फटीत हमखास सापडतो, आणि हात मोकळा नसल्याने तो तसाच खेचला जातो. डोळ्यांत पाणी येतं, श्रोत्यांना वाटतं भाव दाटून आला. कोंब म्हणजे मधला तो खाचांचा ठोकळा. लाकडी कोंबाचे माउथ ऑर्गन, होनरचा १८९६ सालापासून चालत आलेला मरीन बँड हे त्यातलं ठळक नाव, आवाजाला सुरेख, पण ओलाव्याने लाकूड फुगून त्याचे दात ओठाला लागतात. होल्डरमध्ये ओठ जास्त घासतात, म्हणून प्लास्टिक कोंबाचा बरा. होनरच्याच स्पेशल २० मध्ये रीडच्या प्लेटच्या कडाही कोंबात बसवलेल्या असतात, मिशीला आणि ओठाला दोन्हीला सुसह्य.

प्रत्येक गाण्यासाठी वेगळा माउथ ऑर्गन लागेल ही भीती नको. सी वर सी मेजर आणि ए मायनर दोन्ही निभतात. गाणं गिटारवर जी च्या आकारांत बसलं असेल तर पाचव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, सूर सी चाच येतो. गळ्याला ती पट्टी झेपते का ते मात्र गाऊन बघा. पाच अर्धस्वर म्हणजे थोडीथोडकी उडी नव्हे.

मानेचं दुखणं आधीच असेल, स्पाँडिलायसिसचा पट्टा वगैरे झाला असेल, तर गळ्यातला होल्डर विसरा. मायक्रोफोनच्या उभ्या स्टँडला एक आडवा दांडा लावून त्याला माउथ ऑर्गन धरणारा चिमटा बसवता येतो. फिरता येत नाही, एका जागी उभं राहावं लागतं, पण हात तितकेच मोकळे आणि ढकलल्यावर हलत नाही.

विकत घ्यायचाच झाला तर शक्य असेल तेव्हा दुकानात जाऊन घ्या. मुंबईत असाल तर धोबीतलावला फुर्ताडोस आहे, इतर शहरांतही वाद्यांची मोठी दुकानं असतात. अंगठ्याची परीक्षा ऑनलाइन होत नाही. ऑनलाइनच मागवायचा असेल तर सांध्याचा जवळून काढलेला फोटो शोधा. दाते दिसले तर पुढे जा, न दिसले तर वॉशरचे पैसे धरून हिशेब करा. दुकानात जाताना तुमचा माउथ ऑर्गन सोबत न्या, आणि आजोबांचा नेणार असाल तर डबीत किंवा स्वच्छ फडक्यात. नुसता खिशात नको. खिशातला कापसाचा एक धागा रीडमध्ये गेला की तो सूर मुका होतो, आणि इतक्या जुन्या माउथ ऑर्गनचे खिळे काढून परत बसवणारा माणूस शोधण्यात दिवस जातात.